स्पिनोझा: सगळं ठरलेलं असेल, तर माणूस स्वतंत्र कसा?

बारूख स्पिनोझा (१६३२–१६७७) हा अ‍ॅमस्टरडॅममध्ये जन्मलेला बुद्धिवादी तत्त्वज्ञ. पाखंडी मतांचा ठपका ठेवून तिथल्या ज्यू समाजाने १६५६ मध्ये त्याला बहिष्कृत केले. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. पुढे तो भिंगे घासण्याचे काम करत असे. त्याचा ‘एथिक्स’ हा मुख्य ग्रंथ मृत्यूनंतर, १६७७ मध्येच प्रसिद्ध झाला. भूमितीच्या पुस्तकासारखी त्यात व्याख्या, विधान आणि सिद्धता अशी मांडणी आहे.

स्पिनोझाच्या मते देव जगाबाहेर बसून न्यायनिवाडा करत नाही. देव म्हणजेच निसर्ग. मन आणि शरीर ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. निसर्गात प्रत्येक घटनेला कारण असते आणि माणूसही त्याला अपवाद नाही.

मग स्वातंत्र्य कुठे उरते? आपल्याला इच्छा जाणवते, पण तिची कारणे ठाऊक नसतात. म्हणून आपण स्वतःला मुक्त समजतो, असे तो म्हणतो. भावनांमागे फरफटत जाणे हीच खरी गुलामी. कुणी टोचून बोलले की राग येतो. तो तसे का बोलला, आपल्याला ते का लागले, हे उमगले की राग निवळू लागतो. स्पिनोझाला अभिप्रेत असलेले स्वातंत्र्य याच समजुतीतून मिळते.