डॉ. जयंत नारळीकर : टोपणनावाने कथा पाठवणारा खगोलशास्त्रज्ञ

मराठी विज्ञानकथा घराघरांत नेणाऱ्यांत डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचं नाव आधी येतं. त्यांची ही थोडक्यात ओळख.

जन्म व शिक्षण : १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्म. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई सुमती संस्कृतच्या अभ्यासक. बालपण बनारसमध्येच गेलं. तिथून १९५७ ला बी.एस्सी. करून ते केंब्रिजला गेले. गुरू फ्रेड हॉईल यांच्यासोबत १९६४ मध्ये त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. हॉईल स्वतःही विज्ञानकथा लिहायचे. १९६५ ला, वयाच्या २६ व्या वर्षी, पद्मभूषण मिळालं. १९७२ मध्ये ते भारतात परतले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

पहिली कथा : मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धा ठेवली होती. नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण नाव दिलं नारायण विनायक जगताप. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून हे नाव केलेलं. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा उतरवून काढली पत्नी मंगलाताईंनी, त्या स्वतः गणितज्ञ. पहिलं बक्षीस या जगतापांनाच मिळालं. म्हणजे बक्षीस मोठ्या नावाला नाही, कथेला मिळालं. पुढे १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी भाषणात त्यांच्या लेखनाची दखल घेतली.

पुस्तकं : 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस', 'अभयारण्य' ही त्यातली काही. गंगाधरपंतांच्या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जातात, जिथे पानिपतात मराठे जिंकलेत. 'धूमकेतू' कथेत पृथ्वीवर येणारा धूमकेतू शास्त्रज्ञ वळवतात, आणि घरातली मंडळी मात्र श्रेय यज्ञाला देतात. असं आपल्याकडे आजही घडतं. पाऊस पडला की कुणी ना कुणी श्रेय घ्यायला उभा असतोच! नारळीकर अशा माणसांची टिंगल करत नाहीत. दोन्ही बाजू समोर ठेवतात, विचार वाचकावर सोडतात.

अंधश्रद्धेबद्दल ते फक्त कथेत बोलले असं नाही. २००८ मध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंनिसच्या साथीने त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद, एवढंच सांगायचं होतं. ज्योतिषांची उत्तरं नाणेफेकीपेक्षा सरस ठरली नाहीत.

संस्था व सन्मान : पुण्यातील 'आयुका'चे ते १९८८ पासून २००३ पर्यंत संस्थापक संचालक. १९९६ ला युनेस्कोचं कलिंग पारितोषिक, २००४ ला पद्मविभूषण. 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

शाळेची मुलं सही मागायची, तेव्हा ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आपल्या खेड्यातल्या मुलांना प्रश्न कमी पडत नाहीत, पडतात ती पुस्तकं. त्यामुळे गावच्या वाचनालयात पुस्तकं घ्यायची असतील, तर यादीत 'यक्षांची देणगी' जरूर असू द्या.