पत्ता चुकला की ड्रायव्हर अडखळतो

प्रिंटर, नेटवर्क कार्ड, हार्ड डिस्क यांसारख्या उपकरणांशी ऑपरेटिंग सिस्टीमचा संवाद घडवून आणणाऱ्या आज्ञावलीला डिव्हाइस ड्रायव्हर म्हणतात. एखादा ड्रायव्हर घरच्या संगणकावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो. मात्र तोच निराळ्या प्रोसेसरच्या राउटरवर चढवला, की यंत्र बंद पडते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, चुकीचे आकडे निमूटपणे पुढे पाठवते. या घोटाळ्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे 'मेमरी अलाइनमेंट', अर्थात मेमरीतील माहितीच्या मांडणीचा दोष. ड्रायव्हर बहुधा ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. त्यामुळे त्याची एक चूक संपूर्ण यंत्रणेला भोवू शकते.

नियम काय आहे?

मेमरीतील प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो. तोच त्याचा पत्ता. चार बाइटची संख्या ४ ने आणि आठ बाइटची संख्या ८ ने निःशेष भाग जाणाऱ्या पत्त्यावर ठेवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. १००० या पत्त्यावर सुरू होणारी चार बाइटची संख्या प्रोसेसर एका खेपेत वाचतो. तीच १००२ वर ठेवली, तर तिचा अर्धा भाग एका चौकडीत आणि उरलेला पुढच्या चौकडीत पडतो. मग दोनदा वाचणे आणि तुकडे जोडणे आले.

हे जोडकाम कोण करतो, यात प्रोसेसरांमध्ये मतभेद आहेत. 'एक्स-८६' घराण्यातील प्रोसेसर ते स्वतःच उरकतात; त्यामुळे चूक झाकली जाते. 'स्पार्क' प्रोसेसर अशी आज्ञा थेट अडवतो आणि 'मिप्स'ची नेहमीची वाचन-आज्ञाही अपवाद उभा करते. 'एआरएम'च्या पाचव्या आवृत्तीपर्यंतच्या प्रोसेसरांचे वागणे सर्वांत फसवे होते. १००२ वरून वाचायला सांगितले, तर ते १००० पासूनचीच चौकडी उचलून तिचे बाइट फिरवून देत. तक्रार नाही, सूचना नाही. केवळ उत्तर चुकीचे.

चौदा बाइटचा पेच

याचे उत्तम उदाहरण नेटवर्क ड्रायव्हरमध्ये आढळते. इथरनेटच्या प्रत्येक संदेशाचे शीर्षक १४ बाइटचे असते आणि त्यानंतर आयपी शीर्षक सुरू होते. संदेश १००० वर उतरवला, तर आयपी शीर्षक १०१४ वर येते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पाठवणाऱ्याचा पत्ता या शीर्षकात १२ बाइट सोडून असतो, म्हणजे तो १०२६ वर पडतो. या संख्येला ४ ने भाग जात नाही.

लिनक्समधील उपाय साधा आहे. संदेश उतरवण्यापूर्वी सुरुवातीलाच दोन बाइट रिकामे सोडायचे. आता आयपी शीर्षक १०१६ वर आणि पाठवणाऱ्याचा पत्ता १०२८ वर, म्हणजे योग्य जागी येतो. या दोन बाइटसाठी कर्नलमध्ये 'नेट_आयपी_अलाइन' हा स्थिरांक आहे. मात्र काही नेटवर्क चिप स्वतःच चारच्या पटीतील पत्ता मागतात. अशा वेळी माहिती दुसऱ्या जागी उतरवून घेणे किंवा प्रत्येक वाचन जपून करणे, एवढेच हाती उरते.

दुरुस्तीचे मार्ग

पहिला मार्ग मांडणी सुधारण्याचा. एक बाइटच्या घटकानंतर चार बाइटचा घटक आला, तर सी भाषेचा कंपायलर सहसा मध्ये तीन बाइट मोकळे सोडतो आणि पाचऐवजी आठ बाइट खर्च करतो. ही मोकळी जागा उपकरणाच्या ठरलेल्या मांडणीत नसेल, तर 'पॅक्ड' ही खूण लावून ती काढून टाकता येते. कंपायलर मग सावध आज्ञा तयार करतो. पण अशा रचनेतील घटकाचा पॉइंटर काढून दुसरीकडे दिला, की ही सावधगिरी संपते.

दुसरा मार्ग वाचनाचा. बाइटांच्या पॉइंटरला जबरदस्तीने पूर्णांकाचा पॉइंटर म्हणवून घेणे, हे या दोषाचे नेहमीचे मूळ आहे. त्याऐवजी लिनक्समधील 'गेट_अनअलाइन्ड' आणि 'पुट_अनअलाइन्ड' ही साधने वापरावीत किंवा 'मेमसीपीवाय'ने माहिती योग्य जागी उतरवावी.

तिसरी बाब डीएमएची. येथे उपकरण प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिते. कॅशचा मेळ आपोआप न राखणाऱ्या यंत्रांवर उपकरणाची जागा आणि अन्य एखादा घटक एकाच कॅश-ओळीत आले, तर एकाचे लेखन दुसऱ्याचे पुसू शकते. म्हणून ही जागा कर्नलच्या अधिकृत साधनांनी स्वतंत्र मागून घ्यावी; स्टॅकवरील जागा वापरू नये.

३२ आणि ६४ बिटांचा मेळ हा आणखी एक सापळा. ३२ बिटांच्या 'एक्स-८६' लिनक्सवर रचनेतील आठ बाइटचा पूर्णांक ४ च्या पटीत बसतो, तर ६४ बिटांवर ८ च्या. जुना प्रोग्राम नव्या कर्नलमधील ड्रायव्हरशी बोलू लागला, की दोघांच्या लेखी एकाच रचनेची लांबी वेगळी ठरू शकते. मोकळी जागा रचनेत स्पष्टपणे लिहून ठेवणे, हा त्यावर खात्रीचा उपाय.

दोष शोधावा कसा?

स्पार्कवर लिनक्सचा कर्नल अशा चुकीची नोंद लॉगमध्ये करतो. ३२ बिटांच्या एआरएमवर 'प्रॉक' फाइल-प्रणालीत अशा प्रसंगांची मोजदाद ठेवण्याची सोय आहे. जीसीसी कंपायलरचा 'कास्ट-अलाइन' इशाराही उपयोगी पडतो. २०१६ मध्ये लिनक्सच्या ४.५ आवृत्तीत आलेले 'यूबीसॅन' हे तपासनीसही अशा चुका पकडू शकते.

चुकीचे वाचन अडवून कर्नलकडून सांधून घेण्याची सोय काही यंत्रांवर आहे. मात्र प्रत्येक वेळी कर्नलला मध्ये पडावे लागत असल्याने संदेशांच्या वर्दळीत तिचा वेग टिकत नाही. ती तात्पुरती मलमपट्टी होय. खरी दुरुस्ती ड्रायव्हरमध्येच करावी लागते. म्हणूनच ड्रायव्हर केवळ 'एक्स-८६'वर चालला, एवढ्यावर समाधान न मानता तो काटेकोर प्रोसेसरवरही तपासून पाहणे इष्ट ठरते.