वऱ्हाडातील रोडगा : इंधन, विधी आणि शब्द

वऱ्हाडच्या खाद्यजीवनाविषयी लिहिताना रोडग्याचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यात उरकला जातो. गव्हाच्या पिठाचा गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला, तुरीचे वरण व वांग्याची भाजी यांच्याबरोबर खाल्ला जाणारा, एवढे सांगितले की विषय संपला असे मानले जाते. काही जण याही पुढे जाऊन, रोडगा म्हणजे मारवाडी व्यापाऱ्यांबरोबर वऱ्हाडात आलेली बाटीच होय, असे म्हणतात. हे मत कितपत टिकते ते पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. एखाद्या पदार्थाचे मूळ शोधताना केवळ आकाराचे साम्य पाहून भागत नाही. तो कोणत्या इंधनावर, कोणत्या प्रसंगी व कोणाच्या हातून सिद्ध होतो आणि लोक त्याला कोणत्या शब्दाने ओळखतात, या सर्वांचा एकत्र विचार करावा लागतो.

१. भूमी आणि इंधन

उत्तरेस सातपुड्याची गाविलगड रांग आणि दक्षिणेस बालाघाटाचा उंचवटा यांच्यामध्ये पूर्णेचे जे सपाट खोरे पसरले आहे त्याला पयनघाट म्हणतात. अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांचा बराच भाग त्यात येतो. जमीन काळी, पीक कापूस, ज्वारी व तुरीचे. झाडी मात्र विरळ. जळाऊ लाकडाचा मोठा साठा उत्तरेकडे मेळघाटात. खोऱ्यातील शेतकऱ्याच्या चुलीला म्हणूनच तीन गोष्टींचा आधार असे : कापसाची पऱ्हाटी, तुरीची तुराटी आणि शेणाची गोवरी.

या तिन्हींचा स्वभाव सारखा नाही. पऱ्हाटी व तुराटी भडभडून पेटतात आणि लवकर विझतात. तव्यावरच्या भाकरीला अशी ज्वाळा चालते. गोवरी संथ जळते, तिचा निखारा बराच वेळ राहतो व राख उष्णता धरून ठेवते. जाड कणकेचा गोळा आतपर्यंत शिजावयाचा असेल तर अशीच मंद व सर्व बाजूंनी लागणारी धग हवी. निखाऱ्यावर भाजून नंतर राखेत पुरण्याची रीत ही जिथे लाकूड दुर्मीळ व गुरे विपुल, अशा प्रदेशाला साजेशी रीत आहे.

धान्याची बाजूही पाहण्यासारखी आहे. वऱ्हाडचे नित्याचे अन्न ज्वारीची भाकरी होते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. त्याचा गोळा राखेत उलटापालटा केल्यास फुटून जाईल. ज्वारी उघड्यावरच्या विस्तवाला भेटते ती कोवळ्या कणसांच्या रूपाने, हुरड्यात. गोवऱ्यांच्या आरात कणीस भाजून ते तळहातावर चोळून दाणे काढणे, हा मार्गशीर्ष-पौषातील शेतावरचा उपचार आहे. रोडगा गव्हाचाच असतो, आणि जेथे गहू रोजच्या ताटात नव्हता तेथे गव्हाचा रोडगा हे सणाचे, नवसाचे अन्न ठरणे स्वाभाविक होते.

२. कृती

रोडग्याची कणीक जाडसर दळलेल्या गव्हाची असते. तीत मीठ, ओवा व तेलाचे मोहन घालून ती घट्ट मळतात. वऱ्हाडातील कृतीचा विशेष म्हणजे पदर. लहान पाऱ्या थापून, तेल लावून, एकीत दुसरी अशा बसवीत शेवटी बाहेरच्या पारीने सर्व मिटवून गोळा वळतात. उघड्या जागेत गोवऱ्या रचून पेटवतात. ज्वाळा व धूर सरला आणि निखारा लाल झाला, की त्यावर गोळे ठेवून फिरवीत राहतात. वरचे कवच टणक झाले की गरम राखेत पुरतात. भाजलेले रोडगे कापडात किंवा गोणपाटात घोळून राख झटकली जाते. फोडल्यावर आतील पदर सुटे होतात व तूप त्यांत मुरते.

हे काम घरच्या चुलीपाशी होत नाही. शेतात, नदीकाठी किंवा देवळाच्या आवारात होते आणि ते बहुधा पुरुष करतात. वर्षभर घरातील विस्तव स्त्रीच्या हाती असतो. नवसाच्या दिवशी उघड्यावरचा विस्तव पुरुषांच्या हाती जातो. श्रमाची ही वाटणी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

३. नवस, बळी आणि पंगत

अमरावती जिल्ह्यातील चांदूरबाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरम येथे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून सुमारे महिनाभर यात्रा भरते. राहुट्या ठोकून लोक तेथे मुक्काम करतात. या यात्रेची दोन खाद्ये प्रसिद्ध आहेत : मातीच्या हंडीत लाकडाच्या जाळावर शिजवलेले मटण, आणि रोडगे. बहिरम हे नाव भैरवाचे लोकरूप आहे. भैरवाचे ‘बहिरव’ व ‘बहिरोबा’ मराठीत सर्वत्र आढळतात. अंत्य वकाराच्या जागी मकार येऊन ‘बहिरम’ सिद्ध झाले. भैरवाला पशुबळी देण्याची परंपरा सर्वपरिचित आहे आणि बहिरमही तिला अपवाद नव्हते.

या प्रथेविरुद्ध सर्वांत प्रभावी आवाज उठला तो याच जिल्ह्यातून. शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे गाडगेबाबा, यांनी आपल्या कीर्तनांतून देवापुढील पशुहत्या, नवसासाठी काढलेले कर्ज आणि दारू यांवर आयुष्यभर प्रहार केला. स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्यमांसाचे जेवण न देता त्यांनी गोडाचे जेवण घातले, ही त्यांच्या चरित्रातील सुरुवातीची घटना होय. पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथील यात्रेत त्यांच्या लोकसेवेचा आरंभ झाला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांचे देहावसान झाले.

बहिरमला पुढे देवापुढील बळी थांबला. हंडी मात्र राहुटीत टिकून राहिली. म्हणजे अर्पण आणि भोजन या दोन गोष्टी, ज्या पूर्वी एकच होत्या, त्या वेगळ्या झाल्या. देवाच्या वाट्याला शाकाहारी नैवेद्य आला आणि माणसाच्या वाट्याला त्याची आवड. रोडग्याला या फेरबदलात काही सोडावे लागले नाही, कारण तो मुळात रक्तहीन नवसच होता.

तथापि उघड्यावरच्या या भोजनाचे चित्र फार मोहक रंगवणे इतिहासाला धरून होणार नाही. आकाशाखाली पेटलेला विस्तव सर्वांचा असला तरी पंगत सर्वांची नव्हती. पाण्यात मळलेली कणीक कोणाच्या हातची, हा प्रश्न घरात होता तसाच शेतातही होता. अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले व्हावे यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या पुढाकाराने १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. जेथे देवळाचे दारच बंद होते, तेथे देवळापुढची नवसाची पंगत खुली असेल असे मानता येत नाही. गाडगेबाबांच्या सदावर्तांचे मोल या पार्श्वभूमीवर कळते.

४. शब्दांची साक्ष

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्याला मध्य भारतात अनेक नावे आहेत आणि प्रत्येक नाव पदार्थाचे निराळे अंग पाहते. बाटी व खानदेशातील बट्टी ही नावे वाटोळ्या आकारावरून आली. पानगा हे नाव पानावरून आले : पान आणि ‘-गा’ हा प्रत्यय, पळसाच्या किंवा केळीच्या पानांत दाबून भाजलेला तो पानगा. विदर्भात ऐकू येणारे गाकर हे नाव विस्तवावरून आले असावे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात अंगारकर्कटी नावाचा, निर्धूम निखाऱ्यावर भाजावयाचा गव्हाचा पदार्थ वर्णिला आहे. छत्तीसगढीतील अंगाकर हे त्याचे वंशज होय, आणि आद्य अक्षर गळाले की अंगाकराचे गाकर होण्यास अडचण राहत नाही.

रोडगा या शब्दाची घडण पानग्यासारखीच आहे. रोट म्हणजे जाड भाकर. त्याला मुलगा, पोरगा, पानगा यांतील ‘-गा’ जोडल्यावर उच्चारात ट व ग लगत येतात आणि पुढील घोष ग-च्या सान्निध्याने ट-चा ड होतो. रोटगा, रोडगा. ही घडण मराठीच्या अंगची आहे. ती राजस्थानीतून आलेली नाही.

कालक्रमाचा पुरावाही हेच सांगतो. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, येथील कापसाला मोठा भाव आला आणि १८६७ पर्यंत लोहमार्ग नागपूरला पोचला. मारवाडी घराणी त्यापूर्वीही येथे होती, परंतु त्यांचा मोठा ओघ या घटनांनंतरचा. रोडगा मात्र एकनाथांच्या भवानीवरील भारुडात देवीला बोललेला नवस म्हणून येतो, आणि नाथांचे निर्याण १५९९ सालचे. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्तीही १८३१ ची, म्हणजे रेल्वेपूर्वीची. रोडगा व पानगा हे दोन्ही शब्द त्या कोशाला परिचित आहेत. शिवाय परकी पदार्थ येताना बहुधा आपले नाव घेऊन येतो. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या पाव व बटाटा यांनी तेच केले. बाटी आली ती बाटी या नावानेच आली. तिच्या शेजारी रोडगा आपले नाव, आपले पदर आणि आपला नवस घेऊन आधीच उभा होता.

५. समारोप

यावरून रोडगा ही वऱ्हाडाचीच खास निर्मिती, असा उलट टोकाचा निष्कर्ष मात्र काढू नये. बाटी, लिट्टी, अंगाकर, रोडगा ही गहू, शेण व राख यांच्या संयोगातून सिद्ध झालेली एका विस्तीर्ण प्रदेशाची भावंडे आहेत. त्यांत कोणी कोणाचे ऋणको ठरविण्यापेक्षा प्रत्येक भाषेने त्याच क्रियेचे कोणते अंग नावासाठी निवडले हे पाहणे अधिक फलदायी आहे.

विस्तवाशी निगडित असलेला वऱ्हाडी शब्दसंग्रह मोठा आहे. विस्तवाचा ‘इस्तो’ होतो, जसा विहिरीची ‘इहीर’ होते. डाळीतील ळ-चा य होऊन ‘डाय’ होते. आर, इंगळ, निखारा, फुफाटा हे उष्णतेच्या निरनिराळ्या अवस्थांचे शब्द आहेत, आणि रोडगा भाजणाऱ्याला त्यांतील भेद कामापुरता अचूक कळावा लागतो. १ मे २०१६ रोजी आरंभलेल्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यांतील चुलींच्या जागी गॅसच्या शेगड्या अधिक वेगाने आल्या. ज्या स्त्रीने बंद खोलीत वर्षानुवर्षे पऱ्हाटीचा धूर गिळला तिच्या दृष्टीने हा लाभ निर्विवाद आहे. शब्द लोपतात म्हणून धूर राहावा असे कोणी म्हणणार नाही. विस्तव आता नित्याचे साधन न राहता प्रसंगाचे साधन होत आहे, आणि प्रसंगाचा विस्तव, वर पाहिल्याप्रमाणे, पुरुषांच्या हाती असतो. म्हणून ज्यांनी तो रोज सांभाळला त्या स्त्रियांच्या तोंडून हा शब्दसंग्रह नोंदवून घेणे, हे वऱ्हाडी बोलीच्या अभ्यासकापुढील तातडीचे कार्य होय.