शाळेचा निकाल आणि शेरेबुकाची साक्ष

जुन्या कागदांचा संग्रह करणारे आपले बंधु सनदा, महजर व करीने जिवापाड जपतात. शाळेच्या दफ्तराकडे मात्र त्यांचें लक्ष क्वचितच जातें. वस्तुतः मालवण किनाऱ्यावरील एखाद्या सरकारी मराठी शाळेंत पांचवी ते सातवीचें अध्यापन कोणत्या योग्यतेचें होतें, हें ठरविण्याचें मुख्य साधन हेंच दफ्तर होय. नुसत्या निकालाच्या शेंकड्यावरून हा निर्णय होत नाहीं, असें आमचें मत आहे.

शेंकड्याचा महिमा जुनाच आहे. १८५४ च्या वूडच्या खलित्यानंतर १८५५ त मुंबई इलाख्यांत शिक्षणखातें निघालें. इंग्लंडांत १८६२ पासून परीक्षेंत उतरलेल्या मुलांच्या संख्येवर अनुदान देण्याची रीति पडली, आणि त्याच दशकांत ती येथील खाजगी शाळांनाहि लागू झाली. अशा व्यवस्थेंत कच्चा मुलगा परीक्षेस न बसविणें हा निकाल वाढविण्याचा सर्वांत सोपा उपाय. म्हणजे शेंकडा उत्तम, म्हणून शाळा उत्तम, या अनुमानांतील हेतु नैयायिकांच्या भाषेंत सव्यभिचार ठरतो.

याकरितां तीन वह्या एकत्र वाचाव्या. जनरल रजिस्टरावरून मुलगा केव्हां आला व कोणत्या कारणानें गेला हें कळतें. हजेरीपटावरून तो प्रत्यक्ष किती दिवस बसला हें कळतें. आणि तपासणीस आलेल्या साहेबानें काय पाहिलें तें शेरेबुकांत असतें. या किनाऱ्यावर आषाढांत भाताची लावणी, पावसाळा सरल्यावर रापण, आणि मोठ्या मुलांस मुंबईची ओढ. त्या महिन्यांतील रिकामे रकाने मास्तरांच्या आळसाचे आहेत कीं घरच्या गरजेचे, हें हजेरीपट पंचांगाशीं ताडून पाहिल्यावांचून कोणीं बोलूं नये. (आम्ही स्वतः तरुणपणीं ही चूक केली आहे.)

शोधकांस एक सूचना. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला; तत्पूर्वींचे मालवण, देवगड, वेंगुर्ले येथील कागद रत्नागिरीच्या नांवें शोधावे लागतात. सावंतवाडीकडील शाळा १९४८ पर्यंत संस्थानच्या होत्या. त्यांचें दफ्तर निराळें.

२०२५ च्या दहावीच्या परीक्षेंत रत्नागिरी व सिंधुदुर्ग मिळून होणाऱ्या कोंकण विभागाचा निकाल ९८.८२ टक्के लागला. सबंध राज्याचा ९४.१०. अभिमान वाटावा असेंच हें. तथापि हें प्रमाण परीक्षेस बसलेल्यांचें आहे, आणि तेंहि दहावीचें. सातवीच्या वर्गांत गणित कसें शिकविलें जातें, याविषयीं तें कांहींच सांगत नाहीं. पुढील पिढीच्या संशोधकाला तें आजच्या वह्यांतूनच काढावें लागेल.

त्या वह्या उरतील तर! कांहीं वर्षांपूर्वीं एका रद्दीच्या दुकानांत आम्हांस एक शेरेबुक मिळालें. अक्षर सुरेख, शेरे सविस्तर. परंतु आरंभींचीं व शेवटचीं पानें गेलेलीं असल्यामुळें तें कोणत्या गांवच्या शाळेचें, हें अद्याप ठरलेलें नाहीं.