गाइडबुकला जुनी आवृत्ती असते. ॲपला?

संशोधनाची तयारी करताय ना? मग एक सोपा वाटणारा प्रश्न घ्या. 2024 मध्ये विक्रोळी पश्चिमेच्या एलबीएस मार्गावरून पूर्वेच्या द्रुतगती महामार्गावर गाडीने कसं जायचं?

आज ॲप उघडलंत तर रुळांवरचा उड्डाणपूल दिसेल. पण तो पूल सुरू झाला जून 2025 मध्ये. त्याआधी घाटकोपरकडून नाहीतर कांजूरमार्गकडून वळसा घ्यावा लागायचा. मी विक्रोळीतच राहतो, तो वळसा अंगवळणी पडला होता. प्रबंधाच्या एका प्रकरणासाठी मला त्या काळात ॲप सुचवत असलेले मार्ग हवे होते. मी तेव्हा ते पाहिले आणि वहीत एवढंच लिहिलं, 'मोठा वळसा'. बाकीचं नंतर बघू म्हटलं. पूल सुरू झाला आणि ॲपवरचा वळसा गेला. मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "पुरावा कुठाय?" माझ्याकडे दोन शब्द होते.

आता छापील गाइडबुककडे वळू. लंडनच्या जॉन मरे यांनी काढलेलं, एडवर्ड ईस्टविक यांनी लिहिलेलं भारताचं हँडबुक 1859 सालचं. त्यात मद्रास आणि मुंबई इलाखे होते. मुंबई इलाख्याची पुढची आवृत्ती आली 1881 मध्ये. भोर घाटातून रेल्वे सुरू झाली 1863 मध्ये. म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या वाचकाला मुंबईहून पुण्याला सलग आगगाडीने जाताच येत नव्हतं, दुसऱ्या आवृत्तीच्या वाचकाला येत होतं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की मधल्या 22 वर्षांत प्रवास कसा बदलला ते तपासता येतं. नव्या आवृत्तीने जुनी पुसली नाही. ही मालिका पुढे इतकी चालली की भारताच्या हँडबुकची 22 वी आवृत्ती 1975 साली निघाली.

त्याच 1863 साली गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' प्रसिद्ध झालं. ते काही गाइडबुक नव्हे. पण एक पुस्तक बाहेरून येणाऱ्या इंग्रजी वाचकासाठी, दुसरं इथल्याच माणसाने मराठीत लिहिलेलं. कोणी काय सांगायच्या लायकीचं मानलं, हा प्रश्न विचारायला दोन्ही पुस्तकं आज हाताशी आहेत.

पुस्तकं टिकतात तो नेहमीच निव्वळ योगायोग नसतो. स्वतंत्र भारतात 1954 च्या कायद्याने प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरावीक ग्रंथालयांना द्यायच्या असतात. मुंबईचं टाउन हॉलमधलं ग्रंथालय त्यातलंच. हा कायदा पुस्तकं आणि वर्तमानपत्रांचा. ॲपची गेल्या मार्चमधली स्थिती अशी कुठे जमा होत नाही.

पण म्हणून लगेच 'छापील चांगलं, डिजिटल वाईट' असं लिहू नका. तोंडी परीक्षेत अडकाल! आज सकाळी कामावर पोचायचं असेल तर मीही ॲपच बघतो. शिवाय गाइडबुकं मागच्या आवृत्तीतला मजकूर तसाच उचलत. मुखपृष्ठावर 1881 आहे म्हणजे आतली प्रत्येक खानावळ 1881 मध्ये कुणी जाऊन पाहिली, असं होत नाही. छपाईचं वर्ष आणि माहितीचं वर्ष वेगळं असू शकतं.

आणि डिजिटल असूनही जुनं जपता येतं. 2004 मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर नकाशातल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते, कधी झाला तेही कळतं. विकिव्हॉयेज या प्रवासमार्गदर्शकात प्रत्येक पानाचा जुना मजकूर उघडता येतो. म्हणजे खरा फरक कागद की पडदा हा नाहीच. जुनी अवस्था कुणी ठेवली का, आणि ती तुम्हाला बघता येते का, हा आहे.

तेव्हा तुमचा विषय कालचा-परवाचा असेल तर आजपासून तीन गोष्टी करा. पहिली, ॲपवर जे दिसेल त्याचा स्क्रीनशॉट घ्या. फाइलच्या नावात तारीख, वेळ आणि तुम्ही कुठून कुठे शोधलंत ते लिहा. दुसरी, ॲपची कुठली आवृत्ती होती आणि भाषा कोणती ठेवली होती हेही नोंदवा, कारण दोघांच्या फोनवर वेगळं दिसू शकतं. तिसरी, तीच गोष्ट दुसऱ्या साधनाशी ताडून बघा: छापील नकाशा, वर्तमानपत्रातली बातमी, रोज त्या रस्त्याने जाणारा रिक्षावाला.

माझं ते प्रकरण आता रिक्षावाल्यांच्या मुलाखतींवर उभं आहे. वळसा त्यांना वळणासकट पाठ आहे. पण प्रवाशांना ॲप तेव्हा काय सांगत होतं, हे मला लिहिता आलेलं नाही. तेवढी जागा प्रबंधात रिकामीच राहणार. तुमची राहू देऊ नका.