अजब बंगल्यातला नकाशा

गेले दोन आठवडे एका इंग्रजी प्रवासवर्णनाचा अनुवाद करते आहे. लेखक लांब, चिंचोळ्या बोटीतून डडलीच्या कालव्याने जातो आणि काठावरच्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियमपाशी उतरतो. ज्या पाण्यावरून एके काळी कोळसा आणि चुनखडी वाहून नेली, त्यावरून आता प्रवासी बोगदे पाहायला जातात. भट्ट्या विझल्या, मग तिथली दुकानं, घरं वीट वीट सोडवून पुन्हा उभारली. 1712 च्या न्यूकोमेन इंजिनाची प्रतिकृतीही बांधली. ‘औद्योगिक वारसा’ या शब्दांपाशी मी अडले. वारसा म्हटलं की आधी कोणीतरी गेलेलं असावं लागतं. आणि मी बसले आहे भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये, जिथे भट्टी अजून धगधगते आहे.

कालवा आमच्याकडेही आहे, तांदुल्याचा. बालोदजवळचं ते धरण 1921 मध्ये पूर्ण झालं, भातशेतीसाठी. पुढे तेच पाणी पोलाद कारखान्यालाही मिळू लागलं. त्यावर बोट कोणी चालवत नाही. खनिज येतं ते दल्ली-राजहराहून, सुमारे 90 किलोमीटरवरून, रेल्वेने.

पण भिलाईच्या गोष्टीत एक संग्रहालय आहेच. मात्र ते कारखान्यानंतर आलेलं नाही. कारखान्याच्या अर्धशतक आधी ते कामाला आलं, आणि तेही नागपुरात.

1863 साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाला नागपूरकर अजब बंगला म्हणतात. 1903-04 च्या सुमारास दोराबजी टाटा, अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड आणि शापूरजी सकलातवाला (हेच पुढे ब्रिटिश पार्लमेंटात कम्युनिस्ट खासदार झाले) चांदा जिल्ह्यात लोखंड शोधत हिंडत होते. लोहाऱ्याचं खनिज उत्तम, पण मोठ्या कारखान्याला पुरणारं नव्हतं आणि वरोऱ्याच्या कोळशाचा कोक होत नव्हता. शोध थांबवतो, हे सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. ज्यांना भेटायचं ते अधिकारी जागेवर नव्हते. वेळ काढायला दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता, आणि त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण रंगवलेली होती.

टाटांचे चरित्रकार फ्रँक हॅरिस यांनी हा प्रसंग नोंदवला आहे. सांगताना तो योगायोगाचा म्हणून सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. तो रंग कोणीतरी पायपीट करून भरला होता. प्रमथनाथ बोस यांनी भूगर्भ सर्वेक्षण खात्यात असताना 1887 च्या सुमारास या डोंगरांची नोंद केली होती. 1903 मध्ये कनिष्ठ अधिकाऱ्याला डावलून वर चढवल्यावर त्यांनी खातं सोडलं. आणि त्यांच्याही आधी, मध्य प्रांतात लोखंड गाळणारे अगरिया होतेच. व्हेरियर एल्विनने 1942 मध्ये त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. नकाशावर मात्र त्यांची खूण नसते.

वेल्ड राजहराच्या डोंगरावर चढले, खनिज अस्सल निघालं, तरी कारखाना इथे आला नाही. झरियाचा कोळसा फार दूर. त्यातच 24 फेब्रुवारी 1904 ला बोस यांनीच जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंजच्या डोंगरांची माहिती दिली. ते कोळशालाही जवळ आणि कलकत्त्यालाही. साकची गावाचं जमशेदपूर झालं. एकाच माणसाने दुर्गचं दार उघडलं आणि नंतर बंदही केलं, असं म्हणावंसं वाटतं. पण त्यात बोस यांचा दोष काय?

दार पुन्हा उघडलं ते 2 फेब्रुवारी 1955 च्या भारत-सोव्हिएत कराराने. तेव्हाही मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच होती. पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. दुर्गच्या लोखंडावर शिक्का मारणारी सरकारी कचेरी तोवर मराठी मुलखातून भोपाळला गेली होती.

आता राजहराचा साठा सरत आला आहे. नवे रूळ रावघाटकडे, बस्तरच्या दिशेने चालले आहेत. उद्या इथेही संग्रहालय होईल, तेव्हा त्यात भट्टीचं तोंड ठेवतील, रशियन तंत्रज्ञांचे फोटो लावतील. अगरियांचा भाता ठेवतील का, आणि 1977 च्या जूनमध्ये राजहरात पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्या खाणकामगारांची नावं?

अनुवादात मी ‘वारसा’ हाच शब्द ठेवला. डडलीची बोट अजून बोगद्यात आहे. पुढचं प्रकरण सोमवारी.