युबिसॉफ्ट अबू धाबी

संयुक्त अरब अमिरातींतील व्हिडिओ गेम स्टुडिओ. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने तो २०११ मध्ये टूफोरफिफ्टीफोर या अबू धाबीच्या माध्यम-वसाहतीत सुरू केला. त्याची कामगिरी प्रामुख्याने मोबाइल गेममधली. ‘सीएसआय : हिडन क्राइम्स’ (२०१४) हा त्यांपैकी एक.

मोठ्या कंपनीत छोटे काम कसे टिकते, हे ‘ग्रोटोपिया’वरून कळते. सेथ रॉबिन्सन आणि माइक हॉमेल या दोघांनीच हा खेळ घडवला. २०१७ मध्ये युबिसॉफ्टने तो विकत घेतला आणि अबू धाबीकडे सोपवला. त्यातले नेहमीचे जग १०० चौकोन रुंद व ६० उंच. ठोकळा फोडला की कधी बी पडते, ते पेरले की झाड उगवते. त्यावर दुसरे बी पेरून संकर केला की नवीच वस्तू हाती येते. चित्रे साधी, पण खेळाडूंनी स्वतः उभारलेली जगे अफाट. खरी श्रीमंती तीच.

याउलट युबिसॉफ्टच्याच ‘असॅसिन्स क्रीड वल्हाला’ या मोठ्या गेमसाठी (२०२०) मॉन्ट्रियलमधल्या स्टुडिओच्या नेतृत्वाखाली १५ स्टुडिओ राबले. अशा गेमचा पैसा आधी गुंतवावा लागतो आणि वसुलीत विक्रीच्या पहिल्या काही आठवड्यांना मोठे महत्त्व असते. ‘ग्रोटोपिया’ मात्र खेळायला फुकट. उत्पन्न खेळातल्या किरकोळ खरेदीतून, वर्षानुवर्षे येणारे. म्हणून नव्या वस्तू, सण-उत्सव आणि फसवणुकीला आळा हेच अशा स्टुडिओचे रोजचे काम ठरते. बातम्यांत ते क्वचितच येते, तरी त्याचे मोल कमी नाही.

गेम-उद्योगासाठी अमिरातींतल्याच दुबईनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र गेमिंग कार्यक्रम जाहीर केला. २०३३ पर्यंत ३०,००० रोजगार हे त्याचे उद्दिष्ट आहे.